मीटर खोटं बोलत नाही

पडताळेकाका पावसात भिजतात तेही फोनला विचारून. जुलैतल्या एखाद्या संध्याकाळी पार्किंगमध्ये घोटाभर पाणी साचलेलं असतं, वॉचमन प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर धरून केबिनकडे पळत असतो, काकू दोरीवरचे कपडे दोन्ही हातांनी ओढत असतात, आणि काका गॅलरीच्या मधोमध उभे राहून, चष्मा कपाळावर चढवून जाहीर करतात, "पाऊस नाहीये. शून्य मिलिमीटर. आठनंतर अंशतः ढगाळ."

"अहो, बनियन पिळा तो आधी," काकू म्हणतात.

"ते स्थानिक आहे."

हे 'स्थानिक' प्रकरण नीट समजून घ्यायला हवं. काकांच्या लेखी जगात दोन प्रकारच्या घटना घडतात. ज्यांची स्क्रीनवर नोंद होते त्या खऱ्या, आणि उरलेल्या स्थानिक. उकाडा स्थानिक असतो, भूक स्थानिक असते, त्यांचा उजवा गुडघा गेली कित्येक वर्षं स्थानिक दुखतो आहे. नोंद झाली की मग मात्र तो दुखणं म्हणून मान्य होतो.

आता पुण्यात राहून हवामानाबाबत एवढी निष्ठा बाळगायची म्हणजे खायचं काम नाही. शिवाजीनगरची वेधशाळा आपल्याकडे; तिला जुनी माणसं अजून सिमला ऑफिसच म्हणतात, कारण १९२८ साली हवामान खात्याचं बिऱ्हाड सिमल्याहून इथे आलं. पाषाणला उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आपल्याकडे. त्या संस्थेत तयार झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' २६ मे २०२५ ला सुरू झाली. ती सहा-सहा किलोमीटरचे चौकोन पाडून एकेका चौकोनाचं गणित मांडते. आधीचे चौकोन बारा किलोमीटरचे होते. सहा किलोमीटर म्हणजे आमच्या कर्वे पुतळ्यापासून साधारण स्वारगेट. आणि पुण्याचा पाऊस कसा, तर डेक्कनला छत्री उघडावी आणि अलका टॉकीजला मिटावी, असा. फोनमधलं अ‍ॅप काही कोणाच्या खिडकीतून डोकावत नाही. ते एका चौकोनाचा हिशेब सांगतं, तोही बऱ्याचदा काही तासांपूर्वी मांडलेला. हे सगळं मी काकांना एकदा दम लागेपर्यंत समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे अ‍ॅप बरोबरच आहे. चौकोनात पाऊस नाही. तुमच्या अंगावर पडतोय तो किरकोळ फरक."

पडताळे हे त्यांचं आडनाव कागदोपत्री कुठेच सापडणार नाही. सोसायटीतल्या पोरांनी ते ठेवलं आणि काकांनी कौतुक समजून स्वीकारलं. नोकरी वीज मंडळात, मीटर टेस्टिंगला. उभी हयात त्यांनी लोकांच्या जिन्याखाली, दाराआड, चपलांच्या कपाटावर वाकून काढली. काळ्या डब्यातली चकती, तिच्यावरची तांबडी खूण, खाली आकड्यांची चाकं आणि तारेत ओवलेलं शिशाचं सील. ग्राहक घसा फोडून सांगायचा, आम्ही महिनाभर गावाला होतो, घराला कुलूप होतं, एवढं बिल येईलच कसं? काका मीटरकडे बोट दाखवून म्हणायचे, "साहेब, तुम्ही बोलताय. मीटर मोजतंय. दोघांत आम्ही कोणाचं ऐकायचं?"

एका परीने हे न्यायाचंच होतं. कारण ज्याचं बिल कमी यायचं तो कधी तक्रार करायला यायचा नाही. वीसेक वर्षं माणसांची तोंडं आणि मीटरचे आकडे आळीपाळीने बघितल्यावर काकांनी आकड्यांची बाजू घेतली, याचं मला नवल वाटत नाही.

पण त्याआधी एक दिवस असा होता की काका आपल्यासारखेच होते. २१ सप्टेंबर १९९५. त्या दिवशी गणपती दूध प्याला. ज्यांना आठवतं त्यांना जास्त सांगायला नको. सकाळी दिल्लीकडून फोन खणखणायला लागले आणि दुपारपर्यंत देशभर देवळांबाहेर रांगा. तेव्हा ना व्हॉट्सअ‍ॅप, ना घरोघरी इंटरनेट. एसटीडी बूथ आणि शेजारीण या दोनच यंत्रणांवर ती बातमी परदेशापर्यंत पोचली होती. काका ऑफिसातून हाफ डे टाकून रांगेत उभे राहिले. चमचा सोंडेला लावला. दूध हलकेच खाली गेलं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी काकूंपासूनही लपवलं नाही.

नंतर बातम्यांत शास्त्रज्ञ दिसले. त्यांनी दुधात रंग कालवून ते मूर्तीला पाजलं, आणि दूध मूर्तीवरूनच पातळ थराने खाली उतरतंय हे सगळ्यांना दाखवलं. पृष्ठताण आणि केशाकर्षण. चमचा काठोकाठ भरलेला असला आणि त्याची कड ओल्या पृष्ठभागाला टेकली की दूध आपण होऊन ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी काकांनी चहाचं दूध घेऊन टेस्टिंग लॅबच्या पितळी कुलपाला पाजलं. कुलूप प्यालं. मग फ्यूजच्या चिनी मातीला पाजलं. तीही प्याली. काका सांगतात, "कुलूप प्यालं तेव्हा मला कळलं, की हे दोन डोळे टेस्टिंगला पाठवायच्या लायकीचे आहेत."

तेव्हापासून काका डोळ्यांनी बघितलेलं अंदाज म्हणून धरतात. आपल्या न्यायशास्त्रवाल्यांनी प्रमाणांच्या यादीत प्रत्यक्षाला पहिलं स्थान दिलं आहे. काकांनी त्याला पेन्शनीत काढलं.

इथवर वाचून कोणाला वाटेल, की हे म्हणजे सकाळी सहाला गुलाबाचं फूल पाठवणारे, दुपारी कॅन्सरवर कारल्याचा रस सुचवणारे गृहस्थ. साफ चूक. त्या जमातीचा काकांइतका कडवा वैरी आमच्या पाच विंगांत नाही. दिवाळीत अवकाशातून दिसणारा भारत असा झगमगीत फोटो ग्रुपवर येतो ना, त्याखाली सर्वांत आधी काकांचं उत्तर पडतं : हा एका रात्रीचा फोटो नव्हे, उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकावर एक ठेवून केलेलं चित्र आहे, कोणत्या काळात कुठे दिवे वाढले ते रंगांनी दाखवलंय. दर ऑगस्टात मंगळ चंद्राएवढा दिसणार असल्याची वार्ता येते. काका न चुकता लिहितात, की मंगळ जवळ आला होता तो २७ ऑगस्ट २००३ ला, सुमारे साठ हजार वर्षांतला सर्वांत जवळ, आणि तरीही साडेपाच कोटी किलोमीटरवर. चंद्राएवढा दिसेल तो पंचाहत्तर पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून, ते मूळ वाक्य कोणीतरी खाऊन टाकलं. नोटाबंदीनंतर दोन हजारांच्या नोटेत चिप असल्याचं टीव्हीवरसुद्धा रंगवून सांगत होते. नोट जमिनीखाली १२० मीटर पुरली तरी उपग्रहाला कळणार म्हणे. तेव्हा काकांनी एकच प्रश्न विचारला होता : "चिपला सप्लाय कुठून?" अख्ख्या देशात त्या आठवड्यात विचारला गेलेला हा सर्वांत शहाणा प्रश्न असावा असं माझं मत आहे.

आणि २०१८ च्या जूनमध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते, तेव्हा आमच्या ग्रुपवर एकाने भंगारवाल्याचा फोटो टाकून 'हाच तो' लिहिलं. काकांनी त्याला फोन करून, आवाज न चढवता, तो फोटो काढून टाकायला लावला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १ जुलैला, धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षुकीसाठी आलेल्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती. त्या दिवसांत फिरणाऱ्या क्लिपांपैकी एक तर कराचीतल्या मुलांच्या सुरक्षिततेवरच्या जाहिरातीचा तुकडा होता, शेवटची सूचना कापून टाकलेला. त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने आपल्या देशात एका वेळी पाचांनाच मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. तो भंगारवाला अजून आमच्या गेटवर येतो, आणि काका अजून त्याच्या वजनकाट्यावर विश्वास ठेवत नाहीत.

तर असा हा सावध माणूस. दुसऱ्याच्या हातून आलेलं काही गिळायचं नाही, अशी त्यांची शपथच. पण स्वतःच्या यंत्राने सांगितलेलं? ते दुसऱ्याच्या हातून आलेलं नसतंच. ते मीटर.

सुनेने न्यू जर्सीहून येताना मनगटावरचं स्मार्ट घड्याळ आणलं आणि काकांचं निवृत्तीनंतरचं आयुष्य पुन्हा ड्युटीवर रुजू झालं. सकाळी भेटले आणि आपण सहज विचारलं, "काय काका, झोप लागली का छान?" तर ते उत्तर देत नाहीत. मनगट वळवतात, दोनदा बोट फिरवतात, चेहरा पडतो. "चोपन्न."

"म्हणजे?"

"शंभरपैकी. मला वाटलं होतं छान लागली. उठलो तेव्हा ताजंतवानंही वाटत होतं." इथे ते कडवट हसतात. "वाटतं हो माणसाला." आणि खरोखर, साडेअकराच्या सुमाराला ते जांभया द्यायला लागतात.

घड्याळ झोप बघत नाही. मनगटाची हालचाल आणि नाडीचे ठोके यांवरून ते अंदाज बांधतं. झोप खरी मोजायची तर डोक्याला तारा चिकटवून मेंदूच्या लहरी नोंदाव्या लागतात. अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी २०१७ मध्ये अशा रुग्णांबद्दल लिहिलं आहे, की जे झोपेचे आकडे सुधारावेत म्हणून जास्त वेळ अंथरुणात पडून राहायचे आणि त्यानेच त्यांची झोप बिघडायची. त्यांतल्या एका बाईंची प्रयोगशाळेत रीतसर तपासणी झाली, गाढ झोप लागल्याचं दिसलं, तरी बाईंचा प्रश्न होता, की मग माझं यंत्र वेगळं का सांगतंय? काकांना मी ही गोष्ट ऐकवली. त्यांना त्या बाईंबद्दल फार आदर वाटला.

रोजची दहा हजार पावलं हे काकांचं दुसरं व्रत. हा दहा हजारांचा आकडा कोण्या वैद्याने काढलेला नाही. १९६५ च्या सुमाराला जपानात एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती, तिथून तो जगभर झाला. काकांना ते माहीत आहे. "टार्गेट कुठून आलं हे खात्यात कोणी विचारायचं नसतं," असं त्यांचं म्हणणं. रात्री साडेनऊला आमच्या जिन्यात पावलं वाजायला लागली की समजावं, काकांचे सहाशे कमी पडलेत.

पण गणपतीत एक चमत्कार झाला. (पुन्हा गणपतीच.) सोसायटीची आरती म्हणजे सुखकर्तापासून घालीन लोटांगणपर्यंत पाऊण तास, आणि काका टाळ्या अगदी मनापासून वाजवतात. मंत्रपुष्पांजली संपली, प्रसादाची वाटी हातात आली, तेवढ्यात मनगट थरथरलं आणि स्क्रीनवर रंगीत कागद उडायला लागले. दहा हजार पूर्ण! काका जागचे हलले नव्हते. मी हसलो. काका हसले नाहीत. मोदक तसाच हातात. कपाळावर एक आठी आली, जी मी तोवर कधी बघितली नव्हती.

"क्रीपिंग," ते म्हणाले.

मीटरवाल्यांच्या भाषेतला हा रोग आहे. घरात एकही दिवा चालू नाही, पंखा नाही, फ्रिजसुद्धा बंद, आणि तरी चकती मुंगीच्या पावलाने सरकत राहते. अशी मीटरं काकांनी नोकरीत शेकड्यांनी पकडली होती. घड्याळात एक इवलासा भाग असतो, तो हाताचे हिसके मोजतो. चालताना हात हलतो म्हणून हिसका म्हणजे पाऊल, असं त्याचं साधं समीकरण. टाळी वाजवली, पाऊल. कणीक मळली, पाऊल. उलट भाजीची ट्रॉली दोन्ही हातांनी ढकलत मंडईपासून घरापर्यंत आलात, तर त्याच्या मते तुम्ही जवळजवळ बसूनच आलात. काकूंनी एकदा ते घड्याळ हातात घालून पुरणपोळ्या केल्या आणि वडगाव पुलापर्यंत जाऊन आल्याएवढी पावलं भरली.

मला वाटलं, झालं. आता मीटरवरची श्रद्धा ढासळणार. काकांनी आयुष्यभर जे केलं, तेच आता केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये खडूने दोन रेघा मारल्या, मला साक्षीदार म्हणून उभं केलं आणि मोठ्याने मोजत बरोबर एक हजार पावलं टाकली. घड्याळात एक हजार अडतीस. वही काढून त्यांनी लिहिलं : 'फास्ट. ३.८ टक्के.' घरगुती मीटरला एक टक्क्यापर्यंत चूक माफ असते, हे माफीच्या पलीकडचं होतं. तेव्हापासून रोज रात्री ते घड्याळाच्या आकड्यातून ३.८ टक्के वजा करतात, आरतीचे दिवस वेगळे काढतात, आणि जो आकडा उरतो तो खरा मानतात. झोपेच्या आकड्याचंही टेस्टिंग करायचं होतं. पण ते अडलं. झोप मोजायला जागं राहावं लागतं, आणि जागं राहिलं की मोजायला काही उरत नाही. काकूंनी शेजारी बसून मोजावं असा प्रस्ताव आला होता. काकू त्यावर काय म्हणाल्या ते आम्हाला खालच्या मजल्यावर ऐकू आलं.

नकाशाचं फार सांगत नाही, प्रत्येक घरात एक किस्सा असतोच. साताऱ्याकडच्या एका लग्नाला काकांनी आम्हाला अचूक नेऊन पोचवलं ते मंगल कार्यालयाच्या मागच्या कंपाउंडला, उसाच्या फडात. पलीकडे सनई ऐकू येत होती, वरण-भाताचा वास येत होता, "गंतव्यस्थान आलं आहे," असं बाई सांगत होत्या. बांधावरच्या म्हाताऱ्याने काठीने रस्ता दाखवला, तर काका त्याला म्हणाले, "बाबा, तुम्ही इथले आहात म्हणून तुम्हाला तसं वाटतं." असं हसायला ठीक आहे. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये बरेलीजवळ तिघेजण नकाशा बघत अर्धवट पुलावर गेले आणि रामगंगेत पडून मेले, तेव्हा काका दिवसभर बोलले नव्हते. भाच्याने त्यांना बर्लिनच्या एका कलाकाराची गोष्ट सांगितली : त्याने २०२० मध्ये हातगाडीत ९९ फोन भरले आणि रिकाम्या रस्त्याने ती ओढत नेली, नकाशावर तो रस्ता लालभडक झाला, सगळ्यांना वाटलं तुंबळ गर्दी. भाच्याला वाटलं मामा हादरतील. मामा म्हणाले, "मग गर्दीच की. ९९ फोन म्हणजे गर्दी नाही तर काय?"

संकष्टीला मात्र नवरा-बायकोची जुंपते. काकूंचा उपास, आणि चंद्र दिसल्याशिवाय सुटायचा नाही. एका संकष्टीला आकाश मळकट, चंद्र कुठेतरी ढगाआड पुसट. काकांनी फोन वर धरला, बोटांनी ओढून मोठं केलं, आणि क्लिक! आत चंद्र असा निघाला की त्यावरचे खड्डे मोजून घ्यावेत. "हा घे चंद्रोदय. पान वाढ."

"तो तिथे कुठे असा दिसतोय?" काकू गॅलरीतून वाकून म्हणाल्या.

प्रश्न बिनतोड होता. काही फोन चंद्र ओळखतात आणि त्यांना शिकवून ठेवलेल्या चंद्रांवरून तपशील भरतात. २०२३ मध्ये एका माणसाने कॉम्प्युटरच्या पडद्यावर मुद्दाम पुसट केलेला चंद्राचा फोटो लावला, खोलीत अंधार केला, दुरून त्याचाच फोटो काढला, तर फोनने त्या धुरकट गोळ्यातूनही खड्डे हजर केले. पडद्यावर जे नव्हतंच, ते फोटोत आलं. हे मी सांगितल्यावर काकू विजयी मुद्रेने म्हणाल्या, "बघा! माझा मेला उपास मोडला असता खोट्या चंद्रावर." आणि मग त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय बघितलं, पुण्याची चंद्रोदयाची वेळ बघितली, घड्याळ बघितलं, आणि ढगाला नमस्कार करून पान वाढायला घेतलं.

काका माझ्याकडे बघत राहिले. मी तिथून निघालो. काही वाद शेजाऱ्याने सोडवायचे नसतात.

अलीकडे काकांना नवा जाच आहे. जानेवारी २०२४ मध्ये खुद्द सचिन तेंडुलकरला सांगावं लागलं, की गेमिंग अ‍ॅपची शिफारस करणारा तो व्हिडिओतला मी मी नव्हे. काकांनी तो व्हिडिओ बघितला होता. आवाज सचिनचा, ओठ सचिनचे. त्या रविवारी नेहमीप्रमाणे न्यू जर्सीहून चिरंजीवांचा व्हिडिओ कॉल आला. काकांनी आधी फोन टेबलावर उभा केला, मग खुर्ची मागे घेतली.

"हात चेहऱ्यासमोरून आडवा फिरव."

"काय?"

"फिरव सांगतो. सावकाश. आता मान डावीकडे कर. पूर्ण. कान दिसू दे."

मुलाने मान फिरवली. तिकडे मागून सुनेचं हसणं ऐकू येत होतं. काकांनी विचारलं, लहानपणी मीटर-बोर्डात चमचा घातला होतास तो कुठल्या हाताने? उत्तर बरोबर आलं. तेव्हा काका म्हणाले, "हां, बोल बाळ, कसा आहेस?" आणि मुलगा म्हणाला, "बाबा, बरं नाहीये, थोडा ताप आहे." काकांनी लगेच विचारलं, "किती?" आकडा कळेपर्यंत काळजी करायची की नाही हे त्यांना ठरवता येईना.

आणि मग दिवाळीनंतर तो फोन आला.

सकाळचे अकरा. अनोळखी नंबर, व्हिडिओ कॉल. खाकी गणवेश, खांद्यावर तारे, मागे भिंतीवर झेंडा. "आप के नाम से एक पार्सल पकडा गया है." पार्सलात अमली पदार्थ, सहा पासपोर्ट, आधार क्रमांक काकांचा. आता काका डिजिटल अरेस्टमध्ये होते. फोन ठेवायचा नाही, खोलीबाहेर जायचं नाही, घरात कोणाशी बोलायचं नाही. कायद्यात असं काहीच नसतं हे खुद्द पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सांगितलं होतं आणि काकांनी ते ग्रुपवर टाकलंही होतं. पण तेव्हा ती बातमी होती. आता समोर स्क्रीनवर पोलीस होता. मुलाचा कान तपासणारा हा माणूस त्या पोलिसाला हात फिरवायला सांगायला धजला नाही. घाम आला. घड्याळानेही नाडी ११२ दाखवून दुजोरा दिला. काकू दारात आल्या तर काकांनी खुणेनेच त्यांना परत पाठवलं. पैसे कुठे वळते करायचे, ते 'सीनियर साहेब' सांगणार होते.

सीनियर साहेब येण्यासाठी समोरचा उठला, कॅमेरा जरा हलला, आणि झेंड्याच्या डाव्या बाजूची भिंत दिसली.

काका पुढे झुकले. चष्मा कपाळावर गेला.

"साहेब, एक मिनिट. कॅमेरा जरा डावीकडे घ्या."

"क्या?"

"तुमच्या मागे ते मीटर आहे ना, त्याला सील नाहीये."

पलीकडे शांतता.

"टर्मिनल कव्हरपण नाही. आणि ती तांबडी वायर मीटरला वळसा घालून सरळ ट्यूबकडे गेलीय, ती कोणाच्या परवानगीने? पोलीस ठाण्यात वीजचोरी? वीज कायदा २००३, कलम १३५, तीन वर्षांपर्यंत कैद आहे साहेब. तुमचं नाव काय? बक्कल नंबर सांगा. अहो, वर बघू नका, मीटरकडे बघा!"

फोन कटला.

काकू धावत आल्या. त्यांना सगळं सांगितल्यावर त्या मटकन बसल्या आणि म्हणाल्या, "देवा रे! अहो, चोर होते ते. आत्ताच्या आत्ता सायबर गुन्ह्यांचा १९३० लावा." काकांनी नंबर लावला. पण तो १९१२, वीज तक्रारींचा. आम्ही सगळे भोवती जमलेलो. काका शांत, खणखणीत सरकारी आवाजात सांगत होते, "हो, पोलीस स्टेशनच आहे, मी स्वतः बघितलंय. जुनं चकतीचं मीटर, विनासील, डायरेक्ट सप्लाय. लिहून घ्या."

पलीकडच्या मुलीने ग्राहक क्रमांक विचारला.

"तो आत्ता नाहीये माझ्याकडे," काका म्हणाले. "ते परत फोन करतील म्हणालेत, तेव्हा विचारून कळवतो."